मर्लची नाडी

आमच्या कम्युनिटी कॉलेजात पॅरामेडिकचा कोर्स मर्ल हॅफर्ड शिकवतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी मला लांबूनच ओळखता येतो. आजाऱ्याच्या दारात पाऊल टाकायच्या आधी तो मोठ्यांदा म्हणतो, "हातमोजे घातले. जागा सुरक्षित आहे." आत फक्त एक म्हातारी आणि तिचं मांजर असलं तरी म्हणतो. म्हणावंच लागतं. परीक्षेत हे वाक्य राहिलं, तर पुढे तुम्ही मेलेला माणूस उठवून बसवलात तरी नापास.

मर्ल माझा जुना जोडीदार. अर्धं आयुष्य आम्ही एकाच अ‍ॅम्ब्युलन्सवर काढलं. एका हिवाळ्यात, बर्फाने गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून एका अगडबंब माणसाला खाली आणताना मर्लची पाठ गेली ती गेलीच. पाठ गेली पण तोंड शाबूत राहिलं, म्हणून तो मास्तर झाला, असं मी सगळ्यांना सांगते. तो हसतो. हसणार नाही तर काय करेल, खरंच आहे ते.

त्याच्या वर्गात नुसतं बोलण्याचं राज्य. त्याचाही दोष नाही म्हणा. विद्यार्थ्यांना शिकायला रोज ताजा हार्ट अटॅक कुठून आणायचा? मग कोणीतरी आजाऱ्याचं सोंग घेऊन जमिनीवर पडतं आणि विद्यार्थी त्याच्याशेजारी बसून बोलत राहतो. "नाडी बघते," असं एखादी म्हणते, की मर्ल कागदात बघून सांगतो, "एकशे दहा, बारीक." "प्रेशर बघते," म्हटलं की "नव्वद." तो सांगेल ते खरं धरायचं आणि पुढे जायचं. शेवटच्या परीक्षेला तर मर्ल स्वतःच आजारी होतो. कुंड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, तिने कपाळावर फवारा मारून घाम आणतो, छाती धरतो, कण्हतो. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने एवढी हौस केली नव्हती. मी होते तिथे, म्हणून सांगते.

अशा या वर्गातली कार्लीन सिरोआ ही सगळ्यात हुशार. फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, आणि कारखाना बंद पडला तेव्हा इकडे आली. घरी दोन मुली, आई, आणि नवरा असून नसल्यासारखा. आमच्या काउंटीच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर एक जागा रिकामी होती आणि साहेबांनी ती उन्हाळ्यापर्यंत तिच्यासाठी धरून ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर लायसन्स आलं तर नोकरी, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी. इथे मेन राज्याच्या उत्तर टोकाला अशी जागा पुन्हा कधी निघेल ते देवच जाणे.

कॉलेजने तिला प्रत्यक्ष कामासाठी माझ्या गाडीवर पाठवलं. पहिलाच कॉल एका बटाटेवाल्या शेतकऱ्याच्या घरचा. म्हातारा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडला होता. कार्लीन दारात थांबली, आपला मंत्र म्हणाली, गुडघे टेकून बसली, त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "नाडी बघते." मग मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

मीही तिच्याकडे बघितलं. म्हातारा आमच्या दोघींकडे बघत होता.

"काय गं?" मी विचारलं.

"नाडी बघते," ती पुन्हा म्हणाली.

"बघ की. माझ्याकडे काय बघतेस? माझ्या कपाळावर लिहिलीय का ती?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बिचारी कानापर्यंत लाल झाली. म्हातारा मात्र खूष. म्हणाला, "पोरींनो, आधी ठरवा तुम्ही. तोवर मी पडून राहतो, मला काही घाई नाही."

गाडीत बसल्यावर मी तिला चांगलं झाडलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मनगट तुझ्या मुठीत आणि आकडा मला विचारतेस? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वर्गात मी पहिली असते, जनीन."

"पोपटसुद्धा पिंजऱ्यात पहिलाच असतो," मी म्हटलं.

माझी जीभ अशीच आहे. पण बाई कष्टाळू होती, तेव्हा तिची ही खोड मोडायचीच असं मी ठरवलं. हिवाळाभर दिसेल त्याचं मनगट मी तिला धरायला लावलं. आमचा ड्रायव्हर रॉडी, हॉटेलातली वाढणारी, पेट्रोल भरणारा माणूस, चर्चचे फादर, कोणी सुटलं नाही. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. आधी हात, मग नजर, मग घड्याळ आणि सगळ्यात शेवटी तोंड. हळूहळू तिच्या बोटांना कळायला लागलं. नाडी नुसती किती ते नाही, कशी आहे तेही. भरलेली, पळणारी, अडखळणारी. एकदा रॉडीचं मनगट धरून ती म्हणाली, "तू आज सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस आणि कॉफी चार कप झालीय." रॉडीने हात काढून घेतला. बायकोपेक्षा ही वाईट, म्हणाला.

आणि मग मार्चमध्ये ती शेवटच्या परीक्षेला बसली आणि नापास झाली.

झालं असं, की मर्ल पोटात रक्तस्राव झालेला माणूस होऊन पडला होता. तिने मनगट धरलं. मर्ल म्हणाला, "नाडी एकशे तीस, बारीक." तिच्या बोटाखाली मात्र बहात्तर, भरलेली, दुपारचं जेवण पोटभर झालेल्या माणसाची असते तशी. ती गोंधळली. एवढे महिने मी तिच्या डोक्यात भरलेलं, की दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस. ती म्हणाली, "नाडी बहात्तर. घाई नाही. सावकाश नेऊ." कागदावर मर्ल मेला आणि कार्लीन घरी आली.

मी मर्लला हॉटेलात गाठलं. तो वाटाण्याचं सूप पीत होता.

"माझ्या पोरीला नापास केलंस?"

"तुझ्या पोरीने मला मारलं," तो सूप फुंकत म्हणाला. "तूच बिघडवलीस तिला."

"खरी नाडी मोजली हा तिचा गुन्हा?"

"जनीन, ते नाटक आहे. नाटकात राजाला विचारतात का, बाबा रे, तू खरा राजा आहेस का म्हणून? मी एकशे तीस म्हटलं की एकशे तीस."

"असल्या परीक्षेतून काय डोंबलाचा पॅरामेडिक तयार होणार?"

"मग तू आण ना खरा रक्तस्राव दर महिन्याला. आण. माझी ना नाही."

याच्यावर मी आणखी चिडले. त्याच्या ताटलीतली बकव्हीटची धिरडी उचलून खाल्ली आणि उठले. जाताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या महिन्यात तिला अजून एक संधी आहे. शेवटची. तिला सांग, खोलीत माझं ऐकायचं. बाहेर तुझं."

नियम तसाच होता. पुन्हा नापास झाली तर सगळं वर्ष पहिल्यापासून करायचं. म्हणजे ती जागा गेली. कार्लीनला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "ऐकीन त्यांचं. मर्ल म्हणाले मी हत्ती आहे, तर सोंड कुठाय विचारणार नाही." मुलींसाठी तिने मनाशी पक्कं केलं होतं, दिसत होतं ते.

एप्रिलमधली परीक्षा. बाहेर बर्फ वितळून सगळा चिखल. दक्षिणेकडून टोझियर नावाचे परीक्षक आले होते. सभ्य गृहस्थ, टाय लावलेला, बुटांना मात्र आमचा चिखल. खोलीत दोन परीक्षक लागतात आणि आमच्या भागात पॅरामेडिक बोटांवर मोजण्याइतके, तेव्हा दुसरी मी. रॉडी गाडी घेऊन अंगणातच उभा होता, कारण कॉल आला तर आम्हाला तिथूनच निघायचं होतं. सकाळपासून मर्ल एकामागून एक आजारी पडत होता. कार्लीनचा नंबर जेवणानंतर लागला. विषय छातीतली कळ.

ती आली. "हातमोजे घातले. जागा सुरक्षित आहे." आवाज ठणठणीत. मर्ल खुर्चीत बसला होता, कपाळावर पाणी, हात छातीवर. मला वाटलं, आज जरा जास्तच रंगलाय. कण्हणं नेहमीपेक्षा कमी होतं, पण मी म्हटलं, दमला असेल.

कार्लीनने प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. कळ कधीपासून, कुठे जाते, किती आहे. सगळं कागदाप्रमाणे. बोलता बोलता तो जबडा चोळत होता. मग ती म्हणाली, "नाडी बघते," आणि मनगट धरलं.

"अठ्ठ्याऐंशी, नियमित," मर्ल म्हणाला.

कार्लीन मोजत राहिली. तिची बोटं मनगटावरच होती.

"अठ्ठ्याऐंशी," मर्लने पुन्हा सांगितलं. "पुढे चल."

टोझियरनी घड्याळ बघितलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. बाई गं, पुन्हा तेच? एवढं समजावून? आता बोल ना तो एक आकडा आणि सुट की! मी हातातल्या पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं, जे परीक्षकाने करायचं नसतं.

तिने दुसरा हात उचलून त्याच्या मानेमागे, कॉलरच्या आत घातला. हात बाहेर काढला आणि स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. आज तिला माझ्याकडून आकडा नको होता.

"परीक्षा थांबवा," ती म्हणाली. "हे खरं आहे."

हे शब्द आमच्याकडे कोणी उगाच काढत नाही. सोंग चालू असताना खरोखर कोणाला काही झालं तरच म्हणायचे, आणि उगाच म्हटले तर परीक्षा तिथेच संपली.

"कार्लीन," मर्ल दात आवळून म्हणाला, "मागचं विसरलीस का? इथे मी सांगेन ते."

"तुम्ही अठ्ठ्याऐंशी सांगताय आणि हाताला चाळीससुद्धा लागत नाहीये. कपाळावर बाटलीचं पाणी आहे, पण पाठीवर कोणी मारलंय? तुमचा शर्ट भिजलाय, मर्ल."

"सकाळपासून आठ वेळा मरतोय मी. घाम येणारच."

टोझियर अडखळत म्हणाले, "मॅडम, हा परीक्षेचाच भाग आहे का, हे मला—"

"जनीन, तुम्ही हात लावून बघा," कार्लीन म्हणाली. तिने मनगट सोडलं नव्हतं.

मी गेले. दुसरा हात धरला. त्या हाताने माझ्याबरोबर किती स्ट्रेचर उचलली असतील, किती थर्मास उघडले असतील. बर्फासारखा गार आणि चिकट. आणि नाडी एक ठोका दिला की दुसरा द्यायचा की नाही याचा विचार करत बसलेली.

"अगं, सोंग आहे ते," मर्ल मला म्हणाला.

"मर्ल," मी म्हटलं, "इतकं चांगलं सोंग तुला जन्मात कधी जमलंय का?"

मग त्याचा चेहरा पडला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. रॉडीने स्ट्रेचर आणलं. गाडीत घेतल्यावर मी मर्लच्या छातीला वायरी लावायला गेले तर माझी बोटं ऐकेनात. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. कार्लीनने वायरी माझ्या हातातून घेतल्या आणि लावल्या. मी म्हटलं, "तूच बघ. मी इथेच आहे." ईसीजीची पट्टी बाहेर आली. सरळसरळ हार्ट अटॅक. ती वाचायला मर्लच्या वर्गात जाऊन बसावं लागत नाही, आणि मर्ल तर ती उलटी धरूनही वाचतो. त्याने मान वळवून बघितलं आणि शिव्या घातल्या. कोणाला ते कळलं नाही, बहुतेक स्वतःलाच.

"जिभेखाली औषधाचा फवारा दे," तो कार्लीनला म्हणाला. "छातीत कळ आली की फवारा. प्रेशर एकशे तीस आहे माझं."

"चौऱ्याऐंशी आहे. आत्ताच घेतलंय. फवारा दिला तर आहे तेही खाली येईल."

"माझं प्रेशर मला ठाऊक असतं."

"तुम्हाला कागदावरचं ठाऊक असतं. आता गप्प पडून राहा, नाहीतर जनीनला तुमच्या छातीवर बसवीन."

मी शपथेवर सांगते, त्या क्षणी मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने सलाईन सुरू केलं, अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, हॉस्पिटलला फोनवर सगळं नीट सांगितलं. कुठेही मंत्र म्हटला नाही. गाडी चिखलातून धडधडत होती. खड्डा आला की मर्ल डोळे मिटून घेत होता.

पूल ओलांडल्यावर तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "कार्लीन."

"काय?"

"नाडी किती?"

मॉनिटरवर आकडा हिरव्या अक्षरांत दिसत होता, त्याला मान वळवली असती तर वाचता आला असता. पण त्याने तिला विचारलं. वर्षानुवर्षं सगळ्यांना आकडे वाटणारा माणूस. तिनेही मॉनिटरकडे बघितलं नाही. बोटं मनगटावर ठेवून ती पुरतं एक मिनिट मोजत बसली.

"अडतीस," ती म्हणाली. "पण आता जरा भरून लागतेय. घाबरलाय का?"

"हो."

"मीपण. हात सोडत नाही मी."

आमच्या छोट्या हॉस्पिटलात त्याला गुठळी विरघळायचं औषध दिलं आणि हेलिकॉप्टरने बँगोरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. मर्ल वाचला. शिंकला तरी छाती धरतो, पण वाचला. तिसऱ्या दिवशी त्याने पलंगावरूनच टोझियरना फोन केला आणि कार्लीनच्या निकालावरून इतका ओरडला, की नर्सने फोन काढून घेतला.

टोझियर वाईट नव्हेत. त्यांनी मला समजावलं, की परीक्षा पुरी झालेली नाही, तेव्हा पास म्हणता येत नाही. नापासही म्हणणार नाहीत. पुन्हा एकदा द्यायची, दुसऱ्या गावात, मेमध्ये. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. कार्लीन म्हणाली, "असू दे. देते." साहेबांना जागा तेवढे दिवस धरून ठेवायला मी लावलं. कसं लावलं तेही लिहीत नाही.

मर्लला भेटायला गेले तेव्हा मला वाटलं, हा आता सुधारला असेल. कसला सुधारतो! उशीला टेकून म्हणाला, "तिला सांग, परीक्षेत अजूनही सांगितलेलंच मानायचं. नियम तो नियम." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "आणि हात तेवढा लावायचा."

मेमध्ये मीच तिला गाडीने घेऊन गेले. मला आत सोडलं नाही, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात कॉफी पीत बसले. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. पास झाले, म्हणाली, आणि तडक बाथरूमकडे गेली. रडायला गेली असणार.

तिच्यामागोमाग एक जाडजूड बाई बाहेर आली, गालांवर रंगवलेलं रक्त तसंच. आत आजारी पडायचं काम तिचं होतं. कप भरत तिने मला विचारलं, "ती तुमची कोण?"

"माझ्याबरोबर काम करते," मी म्हटलं. "का? काही चुकलं का?"

"नाही हो. सगळं बरोबर केलं. परीक्षक एकशे चाळीस म्हणाले, तिनेही एकशे चाळीस धरलं, पटापट पुढे गेली. सगळं संपल्यावर सामान आवरलं, दारापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या कानाशी वाकली." त्या बाईने स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं. "म्हणाली, तुमची खरी चौसष्ट आहे, ताई. छान चाललीय."

कप तसाच ठेवून तिने मनगटावर बोटं दाबून बघितली. मग म्हणाली, "दर वर्षी मी इथे येऊन पडते हो. कोणी सांगितलंच नव्हतं."